नाव नंतर वाचा, आधी नळी मोजा

यंदा मराठी विभागाच्या संपादक मंडळाने मला एकच अट घातली. ‘काहीही लिहा सर, पण मोटिव्हेशनल नको.’ अट मान्य आहे. म्हणून बंदुकीवर लिहितो. दचकू नका. रेक्टर साहेबांनीही दचकू नये. विषय एकदम तांत्रिक आहे आणि तो मेट्रॉलॉजीच्या तिसऱ्या युनिटपासून फार लांब नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांनी पान उलटून थेट चारोळ्यांकडे जावं. स्कॉटलंडमधली जुनी दुनळी बंदूक विकत घ्यायची असेल, तर मोठ्या नावाच्या मागे न लागता एखाद्या कमी माहितीच्या कारागिराची घ्यावी. आणि तीसुद्धा ‘कमी माहितीची आहे म्हणून स्वस्त’ अशी नाही, तर मोजून, तपासून, आतून-बाहेरून वाचून घ्यावी. मोठ्या नावाची बंदूक घेणारा माणूस बऱ्याचदा नाव वाचतो आणि तिथेच थांबतो. छोट्या नावाची घेणाऱ्याला थांबायची सोयच नसते. नाव त्याला काहीच सांगत नाही, म्हणून त्याला वस्तू बघावी लागते.

आता हा माणूस मेकॅनिकलचा, कोल्हापूरच्या पलीकडे फारसा न गेलेला, याला स्कॉटिश बंदुकांतलं काय कळतं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मी एमएस्सीसाठी वर्षभर ग्लासगोला होतो. तिथल्या लॅबचे टेक्निशियन साठीच्या घरातले गृहस्थ होते. दर रविवारी मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरायला जायचे. त्यांना एक जुनी बारा बोअर घ्यायची होती आणि दुकानं पालथी घालताना सोबत म्हणून मला घेऊन जायचे. माझ्याकडे लायसन्स नाही, त्यामुळे बंदुकीला हात ते लावणार आणि आकडे मी वहीत उतरवणार, अशी वाटणी होती. चार महिने आम्ही हे उद्योग केले. थिसिसपेक्षा जास्त रीडिंग मी त्या वहीत घेतली असतील!

पण आधी स्कॉटलंडच का, हे सांगायला हवं. कोकणातल्या मुलांनी ठासणीची बंदूक पाहिली असेल, निदान आजोबांकडून ऐकली असेल. त्याच्याही आधीची ती चकमकीची. गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी पाडायची, मग दारू पेटायची. (ही दारू वेगळी. हॉस्टेलवाल्यांनी उगाच कान टवकारू नयेत.) ठिणगी पडणं आणि बार उडणं यात क्षणभर वेळ जायचा आणि तेवढ्यात बदक उडून जायचं. ॲबर्डीनजवळच्या बेलहेल्वी गावचा एक पाद्री, अलेक्झांडर फोर्साइथ, याला वैतागला. आघाताने पेट घेणारं रसायन वापरून त्याने नवी कळ बनवली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. आजच्या काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, तिचं मूळ या पाद्रीबुवांच्या वैतागात आहे. पुढे एडिनबरोच्या अलेक्झांडर हेन्रीने रायफलच्या नळीतले आटे नव्या पद्धतीने पाडले आणि १८७१ साली ब्रिटिश लष्कराने घेतलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीतलं अर्धं नाव त्याचं झालं.

शॉटगनमध्ये एडिनबरोची खरी मिजास म्हणजे ‘राउंड ॲक्शन’. जॉन डिक्सन अँड सन या फर्मने १८८० च्या दशकात ती नावारूपाला आणली. त्याच शहरातल्या जेम्स मॅक्नॉटनने त्याआधी १८७९ साली याच जातीच्या रचनेचं पेटंट घेतलं होतं. यात गंमत काय आहे ते डिझाइनवाल्यांनी नीट ऐका. नेहमीच्या बॉक्सलॉकमध्ये (ती रचना बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली यांची, १८७५ ची) घोडे आणि स्प्रिंग बसवायला ॲक्शनचा लोखंडी ठोकळा आतून कोरावा लागतो. नेमका तो ठोकळा जिथे काटकोनात वर वळतो आणि बार उडताना जिथे सगळ्यात जास्त ताण येतो, त्याच्याच आसपास माल कमी होतो. स्कॉटिश लोकांनी सगळी यंत्रणा चापाच्या पट्टीवर, मागच्या बाजूला नेऊन बसवली. पुढचा ठोकळा भरीव राहिला. भरीव राहिला म्हणून त्याच्या कडा घासून गोल करता आल्या. बंदूक हलकी, हातात गुळगुळीत आणि तरी भक्कम. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन हा शब्दही न उच्चारता केलेलं ते डिझाइन आहे.

अर्थात अशा बंदुकीची किंमत ऐकली की आपलं बीपी वाढतं. चांगल्या अवस्थेतली डिक्सन राउंड ॲक्शन हजारो पाउंडांच्या घरात जाते. आणि मग खालच्या फळीतली नावं सुरू होतात. एडिनबरोचा जोसेफ हार्कम, ग्लासगोचे चार्ल्स इंग्रॅम आणि हॉर्टन, ॲबर्डीनचा प्लेफेअर, ब्लेअरगौरीचा क्रॉकर्ट. जाणकारांना ती माहीत असतात, पण आपल्यासारख्याला ‘कोण बुवा हा?’ असंच वाटणार. जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी एक बंदूकवाला असायचा. बरेचदा गळ आणि मासेमारीच्या काठ्याही तोच विकायचा.

इथे एक उघड गुपित आहे. या गावोगावच्या दुकानदारांपैकी बऱ्याच जणांनी आपल्या नावाची प्रत्येक बंदूक स्वतः बनवलेली नाही. अर्धवट किंवा पूर्ण तयार माल बर्मिंगहॅमहून यायचा. वेब्ली अँड स्कॉटसारख्या कारखान्यांनी असंख्य दुकानदारांसाठी बंदुका बनवल्या. दुकानदार त्यावर आपलं नाव कोरून घ्यायचा. हे वाचून तुमच्यातले काही जण गालातल्या गालात हसले असतील. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या प्रोजेक्टवर आपल्या ग्रुपचं स्टिकर लावण्यासारखंच की हे! दिसायला तसंच आहे, पण फरक मोठा आहे. तो दुकानदार कारखान्याला सांगायचा की मला अमुक प्रतीचा माल पाहिजे. गिऱ्हाइकाच्या खांद्याच्या, मानेच्या मापाने अक्रोडाचा दस्ता बसवून द्यायचा आणि पुढची वीस-तीस वर्षं त्याच गावात राहून तीच बंदूक दुरुस्त करायचा. माल वाईट निघाला तर रविवारी चर्चमध्ये गिऱ्हाईक समोरच बसलेलं! प्रोजेक्टचं तसं नाही. व्हायवा झाला की ते लॅबच्या कपाटावर धूळ खात पडतं आणि ‘रिले कुठला आहे?’ विचारलं की चौघंही एकमेकांकडे बघतात.

त्यामुळे ‘ही बंदूक खरी स्कॉटिश नाही, बर्मिंगहॅमची आहे’ असं कुणी नाक मुरडून म्हणालं तर मला ते पटत नाही. बर्मिंगहॅमच्या चांगल्या कामाला नावं ठेवायचं कारण नाही. मात्र विकणारा ती ‘हायलँडच्या कारागिराने स्वतः घडवलेली’ म्हणून त्या भावात विकत असेल तर ते खोटं आहे. तिथे सावध व्हावं.

आता मुद्द्याचं. बंदुकीची जन्मकुंडली नावात नसते, नळीच्या पोटाखाली असते. पुढची लाकडी पट्टी काढायची, नळ्या सुट्या करायच्या आणि उलट्या करून त्यांच्या बुडाशी असलेल्या सपाट भागावरचे शिक्के वाचायचे. ब्रिटनमध्ये प्रत्येक बंदुकीला विक्रीआधी प्रूफ हाउसची परीक्षा द्यावी लागते. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून उडवतात. नळी टिकली तर शिक्का, नाही तर भंगार. केटी नाही, एटीकेटी नाही. ही परीक्षा केंद्रं दोनच, लंडन आणि बर्मिंगहॅम. स्कॉटलंडमध्ये प्रूफ हाउसच नाही. म्हणजे एडिनबरोच्या भल्याभल्या कारागिराची बंदूकसुद्धा परीक्षेला इंग्लंडात जायची.

शिक्क्यांवरून काळ कळतो. जुन्या बंदुकांची परीक्षा काळ्या दारूवर झालेली असते. धूर न होणारी नवी दारू आली तसे १८९६ पासून तिचे वेगळे शिक्के सुरू झाले. १९५४ नंतरचा शिक्का असेल तर काम सोपं, कारण त्यावर सरळ आकडे असतात: .७२९, अडीच इंच, ३ टन. पहिला आकडा नळीचा आतला व्यास, इंचात. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर प्रत्येकीचा व्यास तेवढा येतो. म्हणून बारा बोअर. (शिशाची घनता ११.३४ घेऊन करून बघा, बरोबर येतं. मी ग्लासगोच्या बसमध्ये करून बघितलं होतं.) दुसरा आकडा काडतुसाच्या घराची लांबी. तिसरा दाब, प्रति चौरस इंच.

लांबीचा आकडा साधा वाटतो, पण तिथेच गोची आहे. जुन्या बारा बोअरचं घर अडीच इंचाचं, आजचं सर्रास मिळणारं काडतूस पावणेतीन इंचाचं. ही लांबी उडाल्यानंतरची, म्हणजे तोंड उघडल्यावरची असते. त्यामुळे लांब काडतूस आखूड घरात आरामात बसतं! बसतं म्हणून चालतं असं समजणाऱ्याच्या बाबतीत मग काडतुसाचं उघडणारं तोंड पुढच्या अरुंद भागात अडकतं आणि दाब वाढतो. काही बंदुकांचं घर मधल्या काळात कुणीतरी रीमर फिरवून लांब केलेलं असतं आणि परत प्रूफला पाठवलेलं नसतं. शिक्का म्हणतो अडीच, गेज म्हणतो पावणेतीन. अशा वेळी शिक्का आणि गेज यांचं भांडण मिटेपर्यंत खिशात हात घालायचा नाही.

आमच्या शोधात शेवटी दोन बंदुका उरल्या. एक मोठ्या नावाची. नाव सांगत नाही, कारण त्यात त्या कारागिराचा काही दोष नव्हता. दुसरी अशा नावाची, की टेक्निशियन गृहस्थांनाही ते आठवायला वेळ लागला. पहिली काय दिसत होती म्हणून सांगू! बाहेरून निळसर काळी झळाळी, आतून आरशासारखी नळी, एक डाग नाही. दुसरीच्या डाव्या नळीत आत गंजाचे बारीक खड्डे होते, दस्त्यावर ओरखडे होते आणि कोरीव काम बोटांनी झिजलं होतं. भाव विचाराल तर पहिलीच्या किमतीत दुसरीसारख्या पाच आल्या असत्या. दुसरी काहीशे पाउंडांत होती.

मग गेज बाहेर निघाला. आतला व्यास नळीच्या मागच्या टोकापासून ९ इंचांवर मोजतात. दोन्हींवर शिक्का .७२९ चा. दुसरी बंदूक भरली .७३१. पहिली .७३८! नियम असा, की या शिक्क्याची नळी .७४० ला पोचली की ती प्रूफबाहेर गेली आणि विकणं हा गुन्हा. म्हणजे पहिली बंदूक कायद्याने पास होती, दोन हजारांशांनी. आपल्या भाषेत काठावर पास.

आतून आरसा कसा झाला, ते आता लक्षात आलं असेल. कधीकाळी तिलाही खड्डे होते. कुणीतरी ते घासून काढले आणि खड्ड्यांसोबत नऊ थाऊ लोखंडही गेलं. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. वर्कशॉपमधले जुने इन्स्ट्रक्टर अजून याच भाषेत बोलतात.) आणि बाहेरची झळाळी? नळीवर पोचे आले, ते काढले, मग बाहेरूनही पॉलिश मारून नवा रंग चढवला. आतून घासलं, बाहेरून घासलं. मधे काय उरलं?

ते मोजायला उभ्या दांड्यावर नळी चढवतात. दांड्याच्या टोकाला आतून गोळी टेकते आणि बाहेरून डायल इंडिकेटर. आपल्या लॅबमध्ये आहे तसाच, ज्याचा लीस्ट काउंट विचारला की तुम्ही छताकडे बघता. नळी फिरवत खाली-वर करायची आणि सगळ्यात बारीक जागा शोधायची. पहिली बंदूक एका बाजूला २४ थाऊ होती आणि फिरवता फिरवता दुसऱ्या बाजूला १६ वर आली. दुसरी कुठेही २६ च्या खाली गेली नाही. धंद्यातला रिवाज असा की २० थाऊच्या खालची नळी घेऊ नये. रिवाज म्हणतोय, कारण प्रूफ हाउस भिंतीच्या जाडीची कुठलीही किमान मर्यादा घालत नाही. ती बंदूक विकणं बेकायदा नव्हतं. दुकानदाराने काही लपवलं असंही म्हणता येणार नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ‘आजवर सगळे नाव बघून विचारतात,’ असं तो म्हणाला.

१६ आणि २६ मध्ये एवढं काय, असं वाटत असेल तर सेकंड इयरचं सूत्र आठवा. पातळ भिंतीच्या सिलिंडरमध्ये हूप स्ट्रेस म्हणजे दाब गुणिले व्यास भागिले जाडीची दुप्पट. व्यास भागिले जाडी विसाच्या वर आहे, म्हणजे सूत्र लागू पडतं. (काडतुसाच्या घरापाशी भिंत जाड असते, तिथे लामेसाहेबांना बोलवावं लागेल. तेवढं आपण टाळू.) शिक्क्यावरचे ३ टन म्हणजे सुमारे ४६ मेगापास्कल, पण ते मागे, घरापाशी. पुढे जाता जाता दाब झपाट्याने उतरतो. बारीक जागेपाशी हिशेबापुरता १० मेगापास्कल धरू. २६ थाऊ म्हणजे ०.६६ मिलिमीटर भिंतीत ताण येतो साधारण १४० मेगापास्कल. १६ थाऊ म्हणजे ०.४१ मिलिमीटरमध्ये तोच जातो २२८ च्या आसपास. रोज तेवढ्यावर कदाचित निभेल. पण नळीत चिखल गेला, काडतुसाचा बूच अडकला किंवा कुठे पोचा असला, तर दाब हिशेबात राहत नाही. दुनळी बंदुकीत डावा हात नेमका कुठे असतो? नळ्यांखाली. बारीक जागा जिथे असते, त्याच्या अगदी जवळ.

म्हणून मी म्हणतो, खड्डेवाली नळी ही प्रामाणिक नळी असू शकते. तिच्यात जे आहे ते दिसतं. आरसेवाल्या नळीला विचारावं लागतं की बाई, हे तेज आणलंस कुठून?

दुसरी एक तपासणी मला फार आवडली, कारण तिला काहीच उपकरण लागत नाही. दोन नळ्या एकमेकींना आणि मधल्या पट्ट्यांना कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. नळ्यांची जोडी बुडाच्या आकड्याला बोट अडकवून उलटी टांगायची आणि नखाने टिचकी मारायची. डाख शाबूत असेल तर घंटेसारखा लांब नाद येतो. कुठे सुटला असेल तर खरखर किंवा बद्द आवाज. आपल्याकडे आजी माठ घेताना वाजवून घेते, ते नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगच. आणि पहिली बंदूक इथेही बद्द वाजली हो! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण इतक्या शब्दशः लागू पडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. टेक्निशियन गृहस्थांना ती इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. त्यांना वाळा समजावण्यातच स्टेशन आलं.

बाकी तपासण्या पटकन सांगतो. पुढची लाकडी पट्टी काढून बंदूक मुठीपाशी धरून हलवली आणि खुळखुळली, तर जोड सैल झालाय. दुरुस्त होतो, पण तो खर्च किमतीतून वजा करा. नळीवर ‘स्लीव्ह्ड’ असा शिक्का असेल तर जुन्या नळ्या कापून मागच्या बुडात नव्या नळ्या बसवल्यात. सुरक्षित असते, किंमत मात्र चांगलीच पडते. मला विचाराल तर वापरणाऱ्यासाठी हा उत्तम सौदा आहे, संग्राहक काय वाटेल ते म्हणोत. तसंच डमास्कसचं. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या त्या वेलबुट्टीच्या नळ्या म्हणजे नुसत्या भिंतीवर टांगायच्या, असं सरसकट बोललं जातं. नव्या दारूवर प्रूफ झालेल्या डमास्कस नळ्या कितीतरी आहेत. आणि व्हिटवर्थच्या फ्लुइड प्रेस्ड पोलादाची, म्हणजे आपल्या ५५ अंशांच्या आट्यांवाल्या त्याच व्हिटवर्थची नळी आहे, म्हणून न मोजता घ्यावी असंही नाही. पोलाद कुणाचंही असो, घासलं की कमी होतं.

आता विरुद्ध बाजू. माझ्या एका सहकाऱ्यांनी हा लेख वाचून विचारलं, ‘पण उद्या विकायची वेळ आली तर?’ मुद्दा खरा आहे. मोठं नाव पटकन विकलं जातं. त्याची जुनी वहीखाती सापडण्याची शक्यता जास्त, बंदूक कुणासाठी बनली ते कळू शकतं, आणि नाजूक यंत्रणा बिघडली तर तिच्यातला माहीतगार मिळतो. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने नाव घ्यावं. पण तो बंदूक घेत नाही, तो नाव घेतोय. मग त्याने निदान तेवढं कबूल करावं. आणि नावावर घेतलेल्या १६ थाऊच्या नळीला पुढचं गिऱ्हाईक गेज घेऊन आलं तर काय, याचंही उत्तर तयार ठेवावं. आपलं कॉलेज काही पहिल्या पाचांत येत नाही. कॅम्पसला येणाऱ्या काही कंपन्या आधी कॉलेजचं नाव वाचतात आणि चाळणी लावतात, तेव्हा तुम्हाला जो राग येतो तो मी रोज स्टाफरूममध्ये बसून ऐकतो. तेच तुम्ही मोबाइल घेताना, क्लास लावताना आणि हो, रेफरन्स बुक निवडताना काय करता, हेही मला दिसतं. असो, मोटिव्हेशनल नको होतं.

एक गोष्ट मात्र थट्टेत न्यायची नाही. बंदूक ही जीव घेणारी वस्तू आहे आणि स्कॉटलंडला हे कुणी शिकवायला नको. १३ मार्च १९९६ ला स्टर्लिंगजवळच्या डनब्लेन गावात एका माणसाने प्राथमिक शाळेत घुसून १६ मुलांना आणि त्यांच्या बाईंना मारलं. टेनिसपटू अँडी मरे तेव्हा त्याच शाळेत होता. त्यानंतर १९९७ मध्ये पिस्तुलांवर बंदी आली. शॉटगन राहिली, पण ती घ्यायची तर पोलिसांचं पाच वर्षांचं सर्टिफिकेट लागतं, घरी कुलूपबंद पोलादी कपाट लागतं आणि सौदा झाल्यावर सात दिवसांत पोलिसांना कळवावं लागतं. आमचे टेक्निशियन गृहस्थ याबद्दल कधी कुरकुरताना दिसले नाहीत. कपाटाची किल्ली कुठे असते हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं, कारण सर्टिफिकेट त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं. भारतात तर आयातीवर कडक बंधनं आहेत आणि शिकार कायद्याने बंद आहे. तेव्हा हा लेख वाचून कुणी ‘सर, इकडे कशी आणता येईल?’ विचारायला केबिनमध्ये येऊ नये. मापन कसं करतात ते विचारायला जरूर यावं.

दुसरी बंदूक त्यांनी घेतली, हे वेगळं सांगायला नकोच. पण गोष्ट तिथे संपली नाही. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला. कायदा झाल्यावर तीन वर्षांची मुदत मिळणार आहे. शिसं पक्ष्यांच्या पोटात जातं, विषबाधा होते, त्यामुळे निर्णय योग्यच आहे. पण जुन्या बंदुकांची पंचाईत झाली. स्वस्त पर्याय पोलादी छऱ्यांचा. ते शिशासारखे दबत नाहीत. नळीच्या तोंडाशी मुद्दाम ठेवलेला अरुंदपणा, ज्याला चोक म्हणतात, त्यातून घुसताना जुन्या नळीला आतून फुगवू शकतात. दुसरा पर्याय बिस्मथ. मऊ आहे, घनता ९.८, म्हणजे शिशाच्या ११.३ आणि लोखंडाच्या ७.९ च्या मधली. जुन्या नळीला मानवतो, पण खिशाला नाही.

त्यामुळे आता अशी बंदूक घेणाऱ्याच्या वहीत एक रकाना वाढलाय, दोन्ही नळ्यांचा चोक किती थाऊ. गृहस्थ आता निवृत्त झालेत, तरी मेल चालू असतात. त्यांची उजवी नळी ५ थाऊ निघाली, डावी ३० म्हणजे बरीच आवळलेली. ती रीमरने उघडून १० वर आणायची, की तशीच ठेवून आयुष्यभर बिस्मथचे पैसे मोजायचे, हे अजून ठरत नाहीये. मी त्यांना विचारलंय की तोंडापाशी भिंत किती जाड आहे. परवा मोजून कळवतो म्हणालेत.